जिना

"बाबा, खाली या. क्रेनचे पट्टे बांधून झालेत."

वडील रेल्वे स्टेशनातल्या पादचारी पुलाच्या जुन्या जिन्यावर बसूनच राहिले. भरदुपारी गाड्या बंद ठेवल्या होत्या. संध्याकाळच्या गर्दीआधी जिना उचलला गेला नाही, तर सगळी वाहतूक अडकणार होती. आणि हे काम रेल्वेत इंजिनिअर असलेल्या त्यांच्या मुलीवर सोपवलेलं होतं.

स्टेशन झालं तेव्हा भोवती शेतं होती. मग कारखाने आले, वस्त्या आल्या, फलाट लांबले, गाड्यांचे डबे वाढले. जिना तेवढाच राहिला. एका सकाळी दोन गाड्या एकदम आल्या आणि त्या जिन्यावर माणसांवर माणसं कोसळली. तिची आई त्यात गेली. मुलगी तेव्हा शाळेत शिकत होती.

"मॅडम, पोलिसांना सांगू?" ठेकेदाराने घड्याळ पाहिलं. "उचलून आणतील."

"कुणी हात लावायचा नाही."

ती वर चढली. पायाखाली लोखंड कुरकुरलं.

"आईची आठवण आहे, कळतं मला. पण बाबा..."

"काय कळतं तुला?" वडील उसळले. "आठवण म्हणे! कामावर जायला दुसरी वाट नव्हती, म्हणून रोज याला शिव्या घालत चढलोय मी."

"मग अडवताय कशाला?"

खालून ठेकेदाराची शिट्टी वाजली, पुन्हा वाजली.

"उद्या नवा पूल बघून लोक म्हणतील, सुटलो एकदाचे," ते हळूच म्हणाले. "म्हणू देत. पण ती कुठे पडली, हे मी कुणाला दाखवू?"

आजवर तिने कधी विचारलं नव्हतं. त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं.

"मला दाखवा."

गुडघ्यावर हात टेकून ते उठले. वळणापर्यंत चढले आणि कठड्यालगतच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "इथे. चप्पलसुद्धा पायातच होती."

ती खाली वाकली. तळहात त्या पत्र्यावर ठेवला. पत्रा उन्हाने तापला होता, तरी तिने हात लगेच उचलला नाही.

मग वडिलांचा दंड धरून ती त्यांना खाली घेऊन आली आणि क्रेनवाल्याला खूण केली.

पट्टे ताणले गेले. कर्कश आवाज करत जिना जमिनीपासून सुटला, वर गेला, हळूहळू गोल फिरला.

वडील मान वर करून बघत होते.

"एवढासाच होता?" ते म्हणाले.