काळा स्क्रीन

कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, पण स्क्रीन काळाच राहिला. चित्र लुकलुकतं म्हणून हेमांगीनेच, कुणाला न विचारता, त्याच्या लिनक्स प्रणालीवर ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, टाकला होता. वाचनालयातल्या साऱ्या पुस्तकांची यादी त्याच कॉम्प्युटरवर होती.

तेवढ्यात पांढरी काठी टेकत साटम सर आले आणि त्याच कॉम्प्युटरसमोर बसून रोजच्यासारखा हेडफोन लावून टाइप करू लागले.

“सर, बंद पडलाय तो,” ती कशीबशी म्हणाली.

“माझ्याशी तर नीट बोलतोय. अक्षरन् अक्षर वाचून दाखवतोय.”

मग तिने सगळं कबूल केलं. सरांनी हेडफोनमधला आवाज ऐकत ऐकत नवा ड्रायव्हर काढून टाकला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला.

“आलं का चित्र?”

तिने जोरजोरात मान हलवली. मग भानावर येऊन म्हणाली, “आलं, सर.”