बदली नर्तकी

दोन माणसं बूट न काढताच तालमीच्या हॉलमध्ये शिरली आणि नाच बसवणाऱ्या बाईंना म्हणाली, "चौकशीसाठी जरा ऑफिसात यावं लागेल." आवाज अगदी सौम्य. बाईंनी शाल उचलली, चष्मा पर्समध्ये टाकला आणि दारातून वळून फक्त बदलीकडे बघितलं.

"वही तुझ्याजवळच आहे ना? फाडूबिडू नकोस."

"नाही बाई."

बाई गेल्या. बाराही नाचणारे एकमेकांची तोंडं बघत उभे राहिले आणि थोड्याच वेळात सगळ्यांना घरची कामं आठवायला लागली. कुणाची आई आजारी, कुणाकडे पाहुणे. अर्ध्या तासात हॉल रिकामा! बॅले बसवताना छाती काढून बोलणारेच आधी पळाले. राहिले फक्त म्हातारा पियानोवाला आणि बदली.

तिला नावानं कुणी हाक मारत नसे. कुणी आजारी पडलं तर त्याच्या जागी नाचायचं, हे तिचं काम. त्यासाठी बाराही जणांची पावलं, उड्या, वळणं तिला तोंडपाठ. पण नऊ वर्षांत एकजण धड आजारी पडेल तर शपथ! कुणाला शिंक आली की बाकीचे ओरडायचे, "बदली, पावडर लाव गं!" तीही हसायची. मनाला लागायचंच, पण ते सांगायला बाई होत्या. मावशीच्या घरी भांडी घासणाऱ्या पोरीला बाईंनीच उचलून आणलं होतं, आरशापुढच्या दांडीला धरून उभं राहायला शिकवलं होतं. ताप आला की उशाशी बसायच्या त्याही बाईच.

आणि आता हा बॅले. शिट्टी वाजली की बारा जण रांगेत येतात. शिट्टी वाजली की वळतात, गुडघे टेकतात, पुन्हा उठतात. शेवटी शिट्टी वाजते आणि एक मुलगी हलत नाही. मग तिच्या शेजारचा. मग सगळेच. तीन मिनिटं बारा माणसं नुसती उभी. बस, एवढंच. पण गेल्या वर्षी चौकात लोक असेच गप्प उभे राहिले होते आणि त्यांतले कितीतरी अजून घरी परतलेले नाहीत.

"उभं राहण्यावर कशी बंदी घालतील, बाई?" बदलीनं विचारलं होतं.

"घालतील गं. म्हणून तर शेवट बाहेर फुटता कामा नये."

शेवट बाईंनी एकट्या बदलीला सांगितला. बदलीनं तो एकेकाला वेगळं बोलावून शिकवला. त्या वेळी बाईंचे गुडघे दुखायचे, त्या घरी जायच्या. कोण कुठे उभं राहणार, कधी थांबणार, ते सगळं बदलीनंच वहीत उतरवलं, कारण बाई म्हणायच्या की त्यांचं अक्षर त्यांना स्वतःलाच लागत नाही. वहीच्या पहिल्या पानावर बाईंनी तिला तिचं स्वतःचं नाव लिहायला लावलं, तेव्हा ती ढसाढसा रडली होती.

"रडतेस काय वेडे? नऊ वर्षं दुसऱ्यांच्या जागा सांभाळल्यास. हे तुझं."

पियानोवाल्यानं झाकण लावलं. "चार वर्षं झाली, सरकारनं बाईंचा पासपोर्ट दाबून ठेवलाय. लेक परदेशात. नातू तीन वर्षांचा झाला, बाईंनी त्याला मांडीवरसुद्धा घेतलेलं नाही. आता तर संपलंच."

"मी जाते," बदली म्हणाली.

"कुठे?"

"ऑफिसात. सगळं माझं आहे म्हणून सांगते."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? सहा-सात वर्षं आत ठेवतील. बाहेर येशील तेव्हा पाय नाचायच्या कामाचे राहतील का?"

तिला ते कळत होतं. आपलं वय सव्वीस, आणि नाचण्याखेरीज आपल्याला काही म्हणजे काही येत नाही, हेही कळत होतं.

"तुमच्या आईला नेलं असतं तर तुम्ही घरी बसला असता?"

तिनं वही ओढणीत गुंडाळली आणि निघाली.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. तासभर बाकावर बसवून मग तिला आत घेतलं. अधिकारी वयानं तिच्या वडलांएवढा, बोलायला शांत. तिनं वही टेबलावर ठेवली.

"हे सगळं मी बसवलंय. बाईंचा काही संबंध नाही."

तो सावकाश पानं उलटत राहिला. "अक्षर तुमचं?"

"हो."

"मुलांना शेवट कुणी शिकवला?"

"मी."

"तेव्हा बाई हजर होत्या?"

"एकदाही नाही. कुणालाही विचारा."

त्यानं सगळं लिहून घेतलं. कारकुनाकडून टाइप करून आणलं, वाचून दाखवलं. तिनं प्रत्येक पानावर सही केली. एकही सही वाकडी आली नाही, याचा तिला अभिमान वाटला.

"आता बाईंना सोडाल ना?"

"बाई?" अधिकाऱ्यानं पेनाला टोपण लावलं. "त्या केव्हाच गेल्या. चहा घेतला, पासपोर्ट घेतला, गेल्या."

तिला काही कळेना. "मग त्यांना आणलंत तरी कशाला?"

त्याला तिची कीव आली असावी. फायलीतून एक कागद काढून त्यानं तिच्यापुढे सरकवला. तारीख मागच्या महिन्याची. खाली बाईंची सही. अक्षर टपोरं, पोरालाही लागेल असं. त्यात बदलीचं नाव होतं, शेवटची तीन मिनिटं होती, वही कुठे असते तेही होतं. तिनं शेवटच्या ओळी वाचल्या.

'मुलीला आणायला माणसं पाठवू नका, ती घाबरून वही जाळून टाकेल. सगळ्यांदेखत मला घेऊन जा. ती वही घेऊन आपल्या पायांनी येईल.'