ताईच्या नावाची डबी

"तू पुसलीस ना ती?" ताईने विचारलं.

धाकटीने चहाचा कप खाली ठेवला. "अगं, जागाच नव्हती त्यात. नवीन फाइली बसेनात, म्हणून जुन्या चार काढल्या. त्यात गेली असेल."

दोघी बहिणींच्या मधे, टेबलावर, वडिलांचं हातात धरायचं जीपीएस पडलं होतं. अण्णांना जाऊन सहा महिने झाले होते, पण कडांवर त्यांच्या अंगठ्याने आलेली चमक तशीच होती.

अण्णांना डब्यांचा नाद. कुठे पुलाखाली, कुठे झाडाच्या ढोलीत एक पत्र्याची डबी लपवायची, तिची जागा जगाला कळवायची, आणि लोकांनी यंत्र हातात घेऊन ती शोधत यायचं. सापडली की आतल्या कागदावर सही करायची आणि डबी परत तिथेच ठेवायची. "पैसा ना अडका, नुसती पायपीट," असं ताई म्हणायची आणि दर रविवारी त्यांच्याबरोबर जायची. या खेळाचा एक दंडक होता: लपवणारा गेला की त्याच्या डब्या घरच्यांनी उचलून आणायच्या. ताईने एकेक करून सगळ्या आणल्या होत्या. एक सोडून.

शेवटच्या आजारात अण्णा म्हणाले होते, "एक राहिली आहे. ती कुणाला कळवलेली नाही. यंत्रात आहे फक्त." ताई औषध आणायला खाली गेली. परत आली तेव्हा धाकटी त्यांच्या उशाशी बसून डोळे पुसत होती. काय बोलणं झालं ते तिने कधी सांगितलं नाही.

"परदेशातल्या डब्या शेकड्यांनी भरल्यात यात अण्णांनी," ताई म्हणाली. "जिथे ते जन्मात जाणार नव्हते तिथल्या. त्या सगळ्या राहिल्या आणि नेमकी घरची गेली?"

"ताई, सोड ना तो नाद. नाही सापडली तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"तुझ्यासाठी ठेवलेली असती तर असं बोलली असतीस?"

धाकटी कप विसळायला उठली. चोराच्या मनात चांदणं, ताई मनातल्या मनात म्हणाली.

अण्णा बोलून दाखवणाऱ्यांतले नव्हते. आई गेल्यापासून त्यांचं सगळं ताईनेच केलं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायचे आणि घरी येऊन अण्णांची पथ्यं सांभाळायची. ‘तू होतीस म्हणून’ एवढे तीन शब्द काही त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. ते त्या डबीत असणार, याची तिला खात्री होती. आणि लग्न करून सुटीपुरती पाहुणी झालेल्या धाकटीने नेमके तेच लांबवले होते.

धाकटीचा स्वभावच तसा. बारा वर्षांपूर्वी ताईला परदेशात भिंगांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि ऐन निघायच्या आठवड्यात पासपोर्ट हरवला, तेव्हा धाकटी "वेंधळी कुठली" म्हणून मोकळी झाली होती. अण्णांनी मात्र चकार शब्द काढला नाही. ताईबरोबर पिठाचे डबे उपसले, गाद्यांच्या शिवणी उसवल्या. नवा पासपोर्ट हातात येईपर्यंत ती जागा दुसऱ्या कुणाला गेली. त्या दिवशी अण्णांनी स्वतः चहा करून तिच्यापुढे ठेवला. जन्मात कधी गॅस न पेटवलेला माणूस!

धाकटी गेल्यावर ताईने अण्णांचं चष्म्याचं जुनं घर उघडलं. यंत्र ठरावीक आकड्यापर्यंतच डब्या दाखवतं, त्यावरच्या मुकाट्याने गिळून टाकतं, म्हणून अण्णा सगळ्याची एक प्रत वेगळ्या कार्डावर ठेवायचे. ते कार्ड मखमलीच्या फडक्याखाली होतं. ताईने ते घातलं, फाइली यंत्रात चढवल्या. नकाशा होता तसाच राहिला.

पोट भरलंय याचं, तिला कळलं. ती पुसायला बसली. बर्फातल्या डब्या पुसल्या, बेटांवरच्या पुसल्या. एक शहर मात्र अण्णांनी गल्लीबोळांसकट भरून ठेवलं होतं. ताई जिथे जाणार होती, तेच. किती झुरले असतील माझ्यासाठी! डोळे पुसून तिने तेही शहर पुसलं आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं.

नकाशावर एक नवं चिन्ह उमटलं. खाली नाव होतं: ताई.

तिने धाकटीला फोन लावला. "माझ्या नावाची होती ती. जनाची नाही, मनाची तरी लाज वाटायची होती."

धाकटी म्हणाली, "ताई, जाऊ नकोस. मी येते, आपण बसून बोलू. पण ती उघडू नकोस."

"तुझं तोंडसुद्धा बघायचं नाही मला."

यंत्रावरच्या बाणाने तिला बंद पडलेल्या पंपघराच्या मागच्या भिंतीपाशी नेलं. एक वीट सैल होती. मागे अण्णांची डबी, झाकण गंजून घट्ट बसलेलं. वर्षानुवर्षं कुणी उघडलेलं दिसत नव्हतं. म्हणजे धाकटीने हात लावला नव्हता. ताईला जरा ओशाळल्यासारखं झालं. घरी गेल्यावर फोन करू, तिने ठरवलं.

तिने दगडाने झाकण उचकटलं. आत सहीचा कागद नव्हता. प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या, एकात एक घातलेल्या, प्रत्येकीचं तोंड रबराने बांधलेलं. आत ओल जाऊ नये म्हणून किती ती काळजी! अण्णांचंच काम हे, म्हणत तिने एकेक रबर सोडवलं.

शेवटच्या पिशवीत, कोपराही न दुमडलेला, तिचा पासपोर्ट होता.