बेसमेंटमधली कादंबरी

"यांच्यावर काही नाहीये," दुकानातला माणूस म्हणाला आणि तिन्ही फ्लॉपी त्यानं उत्तराच्या हातात परत ठेवल्या. "कॉम्प्युटर मात्र या वयातही छान चालतोय तुमचा."

उत्तरानं पुन्हा बघायला सांगितलं. बिचाऱ्यानं पुन्हा बघितलं. कॉम्प्युटरच्या पोटातही शोधलं. नाही म्हणजे नाही. नवऱ्यानं, नरेंद्रनं लिहिलेली कादंबरी गेली होती. बेसमेंटची ओल, दुसरं काय! स्टेट कॉलेज गावच्या हिवाळ्यात माणसांची हाडं कुरकुरतात, तिथे त्या चकत्यांची काय कथा. गाडीत बसून ती थोडी रडली, मग नाक पुसून घरी आली.

नरेंद्रची नजर गेल्याला वर्ष होत आलं होतं. उभा जन्म युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंग शिकवलेला, तोंडाचा पट्टा अखंड चालू असलेला माणूस खिडकीपाशी गप्प बसायला लागला होता. जेवणात लक्ष नाही. कुणाचा फोन आला की झोपलोय म्हणून सांग. याला कशानं तरी उठवलं नाही तर हा असाच विझत जाणार, हे उत्तराला स्पष्ट दिसत होतं.

म्हणून तिला कादंबरी आठवली. नोकरीच्या दिवसांत दर शनिवार-रविवार तो बेसमेंटमध्ये ती लिहायला बसायचा. घरात आवाज नको म्हणून लहानग्या लेकीला, अनयाला घेऊन उत्तरा तासन्‌तास पार्कात काढायची. चहाचा कप दाराबाहेर ठेवायची. मित्रमंडळी त्याला 'लेखकराव' म्हणायची. पण त्यानं एक ओळ कधी कुणाला वाचून दाखवली नाही. पूर्ण होऊ दे, म्हणायचा. मग निवृत्ती आली, डोळे गेले, आणि तो विषयच मागे पडला.

"लॅपटॉपवर घेते आणि तुम्हाला वाचून दाखवते," असं तिनं सांगितलं तेव्हा तो दचकला होता.

"राहू दे गं. कशाला उकरून काढतेस?"

"या वयात लाजताय काय?"

त्या दिवशी तो धड जेवलाही नाही. केवढी आस लागलीय, असं तिला वाटलं होतं. आता या माणसाला काय सांगायचं?

तिनं काहीच सांगितलं नाही. जुना कॉम्प्युटर डायनिंग टेबलावर ठेवला, बटण दाबलं. तो घरघरायला लागला तशी नरेंद्रनं मान वळवली.

"मिळाली?"

"मिळाली की."

"काय मिळालं?"

"अहो, कादंबरी! पहिल्या पानापासून."

त्यानं खुर्ची आवाजाच्या दिशेनं वळवली. मग घसा खाकरून म्हणाला, "वाच मग."

उत्तरानं रिकाम्या पडद्याकडे बघितलं. बाहेर बर्फ भुरभुरत होता, आणि सातारा नरेंद्रचं गाव. "एका पहाटे," ती म्हणाली, "साताऱ्यात बर्फ पडला."

पुढचं कुठून आलं ते तिचं तिलाच कळलं नाही. मोती चौकात बर्फ साचला. गच्चीवर पापड घालायला गेलेल्या बायका परातीत बर्फ भरून खाली आल्या. मामलेदारानं बर्फाचा पंचनामा करायला माणूस धाडला, आणि त्यानं पुरावा म्हणून आणलेली बादली कचेरीत पोचेपर्यंत नुसतं पाणी झालं.

नरेंद्र खदखदून हसला. वर्षभरानं हसला.

"तुम्हीच लिहिलंय," उत्तरा म्हणाली.

"हो का? बरं लिहिलंय!"

मग रोजच्या दुपारी तशाच जाऊ लागल्या. जुना कॉम्प्युटर घरघरायचा, ती सांगायची आणि सांगता सांगता लॅपटॉपवर टाइप करायची. बाहेर कॅम्पसची बस येऊन जायची, अंगणात पांढरा उजेड साचलेला असायचा आणि घरात साताऱ्याची माणसं बर्फातून हलकेच चालत असायची. अजिंक्यताऱ्यावर धुकं उतरायचं. कधी कधी आपण इथे आहोत की तिथे, हे दोघांनाही कळायचं नाही. वाचणं थांबलं तरी ती थोडा वेळ उठायची नाही.

"पुढे?" तो विचारायचा.

"उद्या."

रोज तिला धास्ती वाटायची. आज हा म्हणणार, हे मी लिहिलेलंच नाही! पण तो कधी म्हणाला नाही. नवल होतं, कारण चाळीस वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांची नावं त्याला अजून आडनावासकट पाठ होती. वय झालं, तिनं मनाची समजूत घातली. सुटल्यासारखंही वाटायचं आणि लाजही वाटायची. त्याची आयुष्यभराची मेहनत पुसली गेली, आणि आपण तिच्या जागी आपलं काहीबाही भरतोय.

पण तो जेवायला लागला. फोनवर गप्पा मारायला लागला. दाढीसुद्धा रोज करायला लागला.

बर्फ वितळता वितळता कादंबरी संपली. ती पुस्तकरूपात छापून घ्यायची असा अनयानं चंगच बांधला आणि क्युपर्टिनोहून चार दिवस रजा काढून आली.

"बाबा, कव्हर ऑलमोस्ट रेडी आहे," ती म्हणाली. "फक्त नेम सांगा. फुल लिहू ना?"

"फुल लिही," नरेंद्र म्हणाला. "आईचं."

उत्तरानं चमकून त्याच्याकडे बघितलं. म्हणजे यानं ओळखलं होतं! कधीपासून कोण जाणे. तिला रडू आवरेना.

"चुकले हो मी. तुमची कादंबरी ओलीनं गेली. एक अक्षर उरलं नव्हतं. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही म्हणून मी आपलं मनचं..."

नरेंद्रनं चाचपडत तिचा हात शोधला आणि घट्ट धरला.

"रडू नकोस गं," तो म्हणाला. "मी बेसमेंटमध्ये बसून इतकी वर्षं कॉम्प्युटरवर नुसते पत्ते खेळत होतो."