बाबांच्या खोलीतला ड्राइव्ह

आईचा कॉम्प्युटर रोज सकाळी सुरू होताच कुरकुरायचा, नेटवर्क ड्राइव्ह जोडता आला नाही म्हणून. सुट्टीवर आलेल्या मुलाने चुटकीसरशी दुखणं शोधलं. ड्राइव्ह होता बाबांच्या कॉम्प्युटरवर, आणि तो बंद असायचा. मग आई त्यांच्या खोलीत जाऊन तो लावायची आणि परत येऊन ड्राइव्ह उघडायची.

“बाबा गेल्यापासून रोज हे हेलपाटे? बोलायचंस तरी.”

“त्यात काय एवढं.”

त्याने सगळ्या फाइली आईच्या कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि जोडणी काढून टाकली. “घे. आता त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकायला नको.”

दुसऱ्या सकाळी कॉम्प्युटर निमूट सुरू झाला. आई मात्र बाबांच्या खोलीच्या दाराशी घुटमळत होती.

“काय गं, अडलं का काही?”

“नाही रे. ते पहिल्यासारखं बिघडवता येईल का?”