गोल सह्या

“नेमणूकपत्र द्या, संघटनेशी बोला,” असा अर्ज आम्ही दवाखान्यातल्या अकरा नर्सबायांनी लिहिला आणि सह्या गोलाकार केल्या. मागच्या अर्जावर पहिली सही जिची, तिला घरी बसवलं होतं. “भाकरीला कुठं तोंड असतंय? शोधत बसा म्हणावं,” आमच्यातली प्रियदर्शनी हसली. सगळ्यात जुनी म्हणून डॉक्टरांनी मला बोलावलं. कागद फिरवत फिरवत त्यांनी वाचला. “सिस्टर, पोरींना वळण चांगलं लावलंय तुम्ही.” प्रत्येक सहीखाली वेळ लिहिली होती. सलाईन लावलं की सही आणि वेळ, इंजेक्शन दिलं की सही आणि वेळ, मीच शिकवलेलं. पहिली वेळ नऊ वाजून दहा, ऐश्वर्याची. नोकरीला लागून तीनच महिने झालेलं लेकरू. “तिला बोलवा,” डॉक्टर शांतपणे म्हणाले. “कपाटातून तिची मूळ प्रमाणपत्रं परत द्यायला काढा.” नोकरीला लागताना प्रत्येकीची ती ठेवून घेतलेली. कपाटाची किल्ली वीस वर्षं माझ्याच कमरेला होती.