बाजाराच्या दिवसापर्यंत

"एकही निरोप अडकलेला नाई. पहा," धनराज म्हणाला आणि त्याने खुर्ची बाजूला घेतली.

पडद्यावर हिरव्या आकड्यात शून्य होते.

आरोग्यसंस्थेचे संगणक सांभाळणारी अमरीन बहिणीच्या लग्नासाठी वरोऱ्याला गेली होती. त्याच आठवड्यात नागपूरहून आलेल्या धनराजने संस्थेच्या सर्व्हरवर नवी प्रणाली चढवली होती. आलापल्लीचा दवाखाना जंगलातल्या आरोग्यसेवकांना निरोप पाठवी. ते आधी चंद्रपूरच्या या मशीनवर येत आणि इथून त्यांच्या मोबाइलवर जात. अडकलेल्या निरोपांचा हा आकडा आजवर कधी शून्य झाला नव्हता.

"माझी सेटिंगची फाईल कुठे आहे?" अमरीनने विचारले.

"ते तुम्ही हातानं लिहिलेली? जुन्या फोल्डरात टाकली. नव्यासोबत कंपनीची येते नं, मॅडम. तुमच्यात तं निरोप आठ-आठ दिवस ठेवाले सांगितलं होतं." तो हसला. "निरोप आहे का लोणचं, मुरवत ठेवाले?"

"कंपनीची किती ठेवते?"

"एक दिवस. तेवढ्यात नाई गेला तं काढून टाकते. मशीन मोकळी राह्यते."

"त्या गावांत टॉवर नाही, धनराजभाऊ. वीज नाही. माणसं गुरुवारी बाजाराला येतात, दुकानात फोन चार्जिंगला लावतात. फोन चालू होतो तो तेव्हाच."

"मले कोणी सांगितलं नाई."

"फाईलच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं."

"तो तं शेरा होता," धनराज म्हणाला. "शेरा मशीनबी वाचत नाई."

अमरीनने निरोपांची नोंद उघडली. ओळीमागून ओळ तेच शब्द होते : मुदत संपली. ती खाली जात राहिली आणि एका ओळीवर थांबली. दवाखान्यातल्या रुखमाबाई सिस्टरनी सोमवारी वारलूला पाठवलेला निरोप होता. 'रक्त आले आहे. सुकरीला घेऊन या.'

वारलू जंगलातल्या एका गावचा आरोग्यसेवक. सुकरी त्याची मुलगी. तिला सिकलसेल होता, अधूनमधून रक्त चढवावे लागे.

आज शनिवार होता.

अमरीनने जुन्या फोल्डरमधून आपली फाईल काढून जागेवर ठेवली. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. सुकरीचा निरोप शब्दनशब्द पुन्हा टाकला. शून्याचा एक झाला.

"चहा आणतो," धनराज म्हणाला आणि बाहेर गेला.

तिने आलापल्लीला फोन लावला. एखादी गाडी त्या बाजूला जात असेल तर तिच्यासोबत निरोप आजच पाठवता आला असता.

"रुखमाबाई, मी अमरीन बोलते. वारलूभाऊंना तुमचा निरोप मिळाला नाही. चूक इथली आहे. गाडी आहे का कुठली?"

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. तो थांबला.

"आता काऊन पाठवतं, बेटा," रुखमाबाई म्हणाल्या. "गुरुवारी वारलूभाऊ फोन हातात धरून बसले होते. जीपवाल्या बिरजूनं पाहिलं. बाजार उठला, दुकानदार म्हणे, जा आता. तरी बसले. तुमचा निरोप येते म्हणून त्याले भरोसा होता."

अमरीनने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"काल पोरगी गेली," रुखमाबाई म्हणाल्या. "बिरजूच सांगून गेला आत्ता. रक्ताची पिशवी इथी फ्रिजात पडली आहे. वापस पाठवून राह्यली मी. दुसऱ्या कोणाच्या कामी पडंल."

"हो."

"त्यानं बिरजूले विचारलं म्हणते, निरोप काऊन नाई आला. मी काय सांगू त्याले?"

एवढे विचारून रुखमाबाईंनी फोन ठेवला.

पडद्यावर एक होता. आता फाईल तिची होती, त्यामुळे हा निरोप कुठेही हरवणार नव्हता. गुरुवारपर्यंत तो इथे थांबला असता. बाजारात वारलूने फोन चार्जिंगला लावला की त्याच्यापर्यंत नक्की पोचला असता.

तिने तो निवडला. मशीनने विचारले, नक्की काढायचा? तिने होकार दिला.

धनराज दोन्ही हातांत चहाचे ग्लास घेऊन खांद्याने दार ढकलत आत आला. एक ग्लास त्याने तिच्यासमोर ठेवला, पडद्याकडे पाहिले आणि त्याचा चेहरा सैल झाला.

"शून्य झालं नं," तो म्हणाला. "पोचला वाटते."